शमुवेलमामांना कळत नाही

रविवारी सकाळी आमच्या दौंडच्या ख्रिस्ती देवळात उपदेश ऐन रंगात आला, की तिसऱ्या बाकावरून आवाज येतो, "म्हंजी काय?"

हे आमचे शमुवेलमामा. रेल्वेच्या इंजिन-शेडमधून फिटर म्हणून रिटायर झालेले. सगळं आयुष्य त्या गोंगाटात गेल्यामुळे कुजबुजणं त्यांना जमतच नाही. मी पेटी वाजवतो, माझी जागा अगदी पुढे. त्यामुळे उपदेश करणाऱ्या पाळकसाहेबांच्या कपाळावरची शीर ताडकन उभी राहिलेली सगळ्यात आधी मला दिसते.

पाळकसाहेब वर्षापूर्वी आमच्याकडे आले. तरुण, शिकलेले आणि शब्दांचे श्रीमंत. एकदा ते म्हणाले, "नीतिमत्त्वाच्या आरोपणाद्वारे..."

"कुणावर आरोप केलाय?" मामा.

सेक्रेटरींनी सूचना वाचली, "अपरिहार्य कारणास्तव संडेस्कूल तहकूब." लगेच मामा उभे. "पोरं धाडायची का न्हाई? व्हय म्हणा, न्हाईतर न्हाई म्हणा!" एका लग्नात तर कहर झाला. साहेब 'पारस्परिक समर्पणाचे अधिष्ठान' समजावत होते आणि मामा नवरीला ओरडून सांगत होते, "कळलं न्हाई तर हो म्हणू नकोस गं पोरी!" कारेगावहून वऱ्हाड आलेलं. नवरदेवाच्या बापाचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही.

त्यांची स्वतःची प्रार्थना मात्र अशी, "देवा, पोरांना बरं ठेव. ऊन लई हाय. आमेन." इतकी लहान कशी, असं कुणी विचारलंच तर म्हणत, "देव काय बहिरा हाय?"

मलाही राग यायचा. मामांचा यायचाच, पण त्याहून जास्त आमचा सगळ्यांचा. न कळता माना डोलवणारे आम्ही, आणि बाहेर पडल्यावर "काय सुंदर बोलले!" म्हणणारेही आम्हीच.

ईस्टरला स्फोट झाला. साहेब येशूच्या पुनरुत्थानावर, मेलेल्यानं पुन्हा उठण्यावर बोलत होते. 'युगान्तविषयक आयाम' आला आणि मामांनी बाकावर मूठ आपटली. "आज तरी सरळ सांगा! किती दीस ह्ये असलं ऐकायचं?"

साहेबांनी पुस्तक मिटलं. "समजत नसेल तर घरी बसा, मामा."

मामांनी टोपी घातली आणि ते निघून गेले.

संध्याकाळी साहेब मला घेऊन मामांच्या घरी निघाले. वाटेत नुसते धुमसत होते. "माफी मागायला लावतो त्यांना. तुम्ही साक्षीला चला."

मामा दारातच उभे होते. सलाम नाही, या-बसा नाही.

"माझा काय राग आहे तुम्हाला?" साहेबांनी विचारलं.

"राग?" मामा म्हणाले. "हिला माती दिली तवा तुम्ही किती येळ बोललात!"

रुथमामी, त्यांची बायको, दिवाळीनंतर गेली होती.

"मी खड्ड्याच्या कडंला हुबा व्हतो. वाटलं, आता सांगतील. ही कुठं गेली, मला परत भेटंल का न्हाई. एक अक्षर कळलं न्हाई मला, सायेब! तवापास्नं दर रईवारी येतोय. आज सांगतील, आज सांगतील. आन् आज तर सणच त्याचा. तर तुम्ही म्हणता, घरी बसा!"

साहेबांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "भेटेल, मामा. मामी तुम्हाला भेटेल. कशी, कधी, ते मला माहीत नाही. पण भेटेल, असा माझा विश्वास आहे."

"मग येवढं सांगायला तवा काय झालं व्हतं वो?" मामा ओरडले.

"घाबरलो होतो," साहेब म्हणाले. "मी कुणाला माती द्यायची ती पहिलीच वेळ. तुमच्या तोंडाकडे बघवेना. मोठे शब्द बोलत राहिलो, म्हणजे बघावं लागलं नाही."

मामांनी टोपीनं डोळे पुसले. "आत या," म्हणाले. "च्या ठेवतो."

मामी गेल्यापासून ते चहा स्टेशनवरच प्यायचे. आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत बसलो. आतून बराच वेळ डब्यांची झाकणं उघडल्याचे, लागल्याचे आवाज येत राहिले. साखर कुठल्या डब्यात आहे, ते मामांना माहीत नव्हतं.