सोळाचा पुडा

आख्ख्या अनसिंग गावात फुलचंदकाका हे एकटेच दुकानदार असतीन, जे बिस्किटाचा पुडा गिऱ्हाइकाले द्यायच्या आधी कानाले लावतेत. लावतेत, दोनदा हलवतेत, डोळे बारीक करतेत, अन् मंग मनतेत, "इथं कायतरी गोम हाय."

पुडा कंपनीनं बंद केलेला. चकचकीत. वरतं भाव छापलेला. पन काकाले काई मना, त्याहीचं एकच, "भाव वरतं छापते वं पोरी. गोम आत असते."

दुकानात नवीन खोकं आलं की त्यातला एक पुडा ते फोडतेत. बिस्किटं मोजतेत. कागद तळहातानं सपाट करून त्याच्यावर आकडा लिवतेत अन् गादीखाली सरकवून देतेत. इतक्या वर्षांचे कागद झाले की काका गादीवर बसले मनजे गिऱ्हाइकापेक्षा हातभर उंच दिसतेत. फोडलेली बिस्किटं बाहेर उभ्या असलेल्या लेकरायले देतेत, पन ते बी साधं नाही. "मोजून घे. मी कमी देल्लं त सांग. माया बी भरोसा ठेवू नको."

बिस्किटावरच थांबले असते त ठीक होतं. पन काकाले सगळ्याचीच शंका. गाडी लेट आली त बाकीचे लोक चिडतेत. काका गाडी टायमावर आली की बेचैन होतेत. "आज टायमावर काहून आली? कोनी मोठा मानूस बसला असन, नाही त डायवर बदलला असन." त्याहीच्या दुकानात वायफाय हाय, त्याचा पासवर्ड रोज सकाळी बदलते. अन् बदलून कोन देते? मीच. मनजे चोराच्याच हाती किल्ली, पन ही गोम त्याहीच्या ध्यानात कधी आली नाही.

मी पूजा. गेल्या वर्षी आई-बाबासंग ऊसतोडीले गेली अन् बारावी हुकली, मनून आता ऑनलाइन बारावी करून राह्यली. आमच्या वस्तीत रेंज नाही, त मी काकाच्या दुकानात तेलाच्या डब्यावर बसून क्लास करते. जुलैमंदी एक दिवस फॉर्म भरत होती त काका हळूच मनले, "मायं बी नाव टाक त्यात."

मी डब्यावरून पडता पडता वाचली. काका अडुसष्ट वर्षांचे!

"काकाजी, कायले?"

"टाक मनलं ना. मॅट्रिक पास हाओ मी." अन् पत्र्याच्या नळकांड्यातून पिवळी झालेली मार्कशीट काढली. मंग अटी सांगतल्या. स्क्रीनवर नाव दिसलं नाही पायजे, खाली नंबरच दिसला पायजे. कॅमेरा बंद. अन् बॅच संध्याकाळचीच पायजे.

आता इथं मले पयली शंका आली. काका जैन. दिवस बुडायच्या आत जेवतेत, नंतर पानी बी पीत नाहीत. काकू जाऊन लय वर्षं झाले, डबा त्याहीच्या भावाच्या घरून साडेपाचले येते. अन् क्लास पाच ते सहा!

"सकाळची बॅच घ्या ना काकाजी. पुढं हिवाळ्यात तुमचं जेवन बुडन."

"संध्याकाळची मंजे संध्याकाळची."

मी मनातल्या मनात मनलं, इथं कायतरी गोम हाय.

गावात त नुसत्या पैजा लागल्या. कोनी मने, बारावी झाल्यावर सरकार मातारपनाची कायतरी योजना देऊन राह्यलं. कोनी मने, काका सरपंचकीले उभे राहनार. चहावाला त मने, काकाले फक्त हे पाह्याचं हाय की सरकार पोरायले पुस्तकातून काय काय खोटं शिकवते. मले हे शेवटचं लय पटलं.

कारन आमचा पेपरच तसा! 'चालू आर्थिक प्रश्न'. महागाई, बेरोजगारी, मोबाईलवरचे पैसे, सगळं आजकालचं. सर पुन्याकडचे, लय शुद्ध बोलतेत. पयल्या दिवशी क्लास सुरू व्हायच्या आधी काकानं दुकानातल्या टिकल्यांच्या पाकिटातली एक लाल टिकली काढली अन् क्लाससाठी घेतलेल्या नव्या टॅबच्या कॅमेऱ्यावर चिकटवली. मी मनलं, "काकाजी, कॅमेरा बंदच हाय." त मनतेत, "त्यानं बंद केला. मी कुठं केला?"

सरायनं सुरू केलं, "महागाई म्हणजे वस्तूंच्या किमतीत सातत्याने होणारी वाढ."

काका टॅबवर खेकसले, "अन् किंमत तेवढीच ठेवून बिस्कीट कमी केलं तं? ते काय मनते रे तुह्या पुस्तकात?"

माइक बंद होता. सर पुढं बोलत राह्यले. काका मायाकडं वळून मनले, "पाह्य. जवाब नाही त्याच्यापाशी."

मंग त्याहीले शंका आली की सर खरे नाहीतच, रेकॉर्डिंग लावून देल्लं हाय. रोज तोच निळा कप, रोज तोच सदरा. आपल्या एकतीस नंबरवरून मायाकडून चॅटमंदी लिववून घेतलं, 'सर, आज वार कोणता?' सर थांबले. "आज बुधवार. क्रमांक एकतीस, काही अडचण आहे का?" काका खूश होतीन असं मले वाटलं. त मनतेत, "वार त कोनी बी सांगन."

पन ऐका ना, खरी गोष्ट पुढंच हाय.

दिवाळीनंतर मायं ध्यान गेलं. काकाच्या टॅबवर सर बारीक दिसत अन् एकच चौकट मोठी केलेली असे. सात नंबर. चाळिशीची बाई, डोक्यावर पदर, मांगं स्टीलच्या डब्यांची रांग, हातात वही. हिनं हात वर केला की काका ताठ बसत. सरायनं दुसऱ्याच कोनाले इचारलं की हे चिडत. "तिचा हात वर हाय, याले दिसत नाही? मले शंका येते या सरावर." तिचं उत्तर बरोबर आलं की आपलाच पयला नंबर आल्यासारखी मांडी थोपटत.

सहा वाजता बाकीचे लोक पटापट निंघून जात. सात नंबर वही आवरून सावकाश जाई. अन् तिची चौकट काळी होईस्तोवर काका डब्याले हात लावत नसत. हिवाळ्यात दिवस लवकर बुडते. आठवड्यातून दोन-तीनदा डबा तसाच वापस जाई.

देवाशप्पथ, मायं डोस्कं भनकलं. या वयात? पराई बाई? मी गुपचूप टॅबचा फोटो काढला अन् घरी जाऊन आईले दाखवला. आई भाकर थापत होती. "आई, ही बाई कोन हाय वं? फुलचंदकाका रोज हिलेच पाह्यतेत!"

आईचे हात थांबले. फोटो जवळ घेतला, अन् मंग पिठाच्या हातानंच मले एक टप्पल देल्ली.

"भवाने, ही सारिका हाय! काकाची पोरगी. माया वर्गात होती. दरवर्षी पयली."

मंग आईनं सांगतलं. सारिकामावशीले दहावीनंतर वाशिमच्या कॉलेजात जायचं होतं. काकाले शंका आली. गाडीत कोन बसते, कॉलेजात कोन भेटते, पोरी शिकायले जातेत की कायले. एक दिवस बी जाऊ देल्लं नाही, अन् दोन वर्षांत लगन लावून देल्लं. तिकडं मराठवाड्यात. तवापासून सारिकामावशी लगनकार्यात येते, बापाच्या पाया पडते, अन् बोलत नाही. फोन केला की जावई बोलतेत. त्याहीनंच सांगतलं असन की सारिकानं बारावीचा फॉर्म भरला, संध्याकाळची बॅच.

म्या काकाले काईच सांगतलं नाही. पन त्या दिवसापासून वायफायचा पासवर्ड बदलताना मले कसंतरीच वाटे.

अन् जानेवारीत नोटीस आली. तोंडी परीक्षा! प्रत्येकानं एका चालू आर्थिक प्रश्नावर आपला प्रकल्प सगळ्या वर्गासमोर मांडायचा, आपला नंबर आला की कॅमेरा सुरू पायजेच, नाही त पेपरात नापास अन् क्लास बंद.

काकानं नोटीस दोनदा वाचायले लावली. "ही पोलिसवाली चौकशी हाय. मायं नाव काढून टाक."

"काकाजी, नाव काढलं त क्लास बंद. मंग सात नंबर बी दिसनार नाही."

काका मायाकडं पाह्यतच राह्यले. "तुले कोनं सांगतलं?"

"आईनं."

"तुयी माय लायनपनापासून लय बोलते." मंग गादीवरचा एक दोरा उपटत बसले. "पोरी, तिनं मले पाह्यलं अन् क्लास सोडला तं? एकडाव तिचं शिकनं म्याच सोडवलं. पुन्यांदा मायाच मुळं सुटायले नको."

शेवटी त्याहीनंच ठरवलं. सातचं ऐकायचं, अन् एकतीस यायच्या आत बंद करायचं.

परीक्षेच्या दिवशी डबा आला, बाजूले ठेवला. नंबरानं एकेक चालू झालं. सात नंबर आला. सारिकामावशीनं वही उघडली, बाजूचा पाच रुपयाचा बिस्किटाचा पुडा उचलला, अन् कानाले लावून दोनदा हलवला.

मी काकाकडं पाह्यलं. काकाचं तोंड उघडंच.

"माझा विषय आहे, भाव तोच, माल कमी," ती मनली. "किंमत वाढवली की गिऱ्हाईक ओरडतं, म्हणून कंपनी आतला माल कमी करते. आकड्यात दिसत नाही अशी ही महागाई. लहानपणी मी वडिलांच्या दुकानात पुडे मोजायची. तेव्हा याच पुड्यात सोळा बिस्किटं होती. आता बारा आहेत."

सरायनं मान हलवली. "विषय चांगला आहे. पण जुन्या सोळाचा पुरावा? आठवण म्हणजे पुरावा नव्हे. निम्मे गुण पुराव्याला आहेत, सात नंबर."

तिनं वही मिटली. "कागद होते सर. वडिलांकडे." अन् खाली पाह्यलं. "मागता येणार नाहीत."

मंग काय झालं ते मले बी नीट समजलं नाही. काका गादीवरून उठले अन् आख्खी गादीच उलटी केली! कागदांचा ढीग दुकानभर. खालचे कागद उपसून राह्यले, फेकून राह्यले, अन् मले ओरडले, "माइक! माइक चालू कर वं!" मी माइक चालू केला, कॅमेरा चालू केला. स्क्रीन लाल दिसे. काकानं नखानं टिकली उपटली.

"हा घ्या पुरावा!"

हातात जुना, इटलेला कागद. त्याच्यावर शाईपेनानं काढलेला मोठा, तिरपा आकडा, १६.

सर मनले, "एकतीस नंबर, तुमची वेळ अजून..."

"थांबा सर," सारिकामावशी मनली. ती स्क्रीनच्या एकदम जवळ आली, नाक टेकन इतकी. डोळे बारीक केले. आतापावतर पुस्तकासारखी बोलनारी बाई एकदम आमच्यासारखी बोलली. "इथं कायतरी गोम हाय. कागद उलटा करा."

काकानं कागद उलटा केला. दुसरी बाजू मी धरली. मांगं लेकराच्या अक्षरात लिवलं होतं, 'मोजनार सारिका, सहावी ब.'

सात नंबरची चौकट तिथंच होती. गेली नाही.

शेवटी सर मनले, "पुरावा ग्राह्य आहे. एकतीस नंबर, आता तुमचा विषय?"

काका मनले, "झाला ना सर आत्ताच. तिचा तोच माया." अन् खाली बसले. गादी नव्हती, फरशीवरच बसले. स्क्रीनवर नुसतं टक्कल दिसत होतं.

क्लास सुटला तवा बाहेर अंधारून आलं होतं. मी कागद गोळा करत होती. तेवढ्यात काकाचा फोन वाजला. त्याहीनं नंबर पाह्यला अन् मायाकडं सरकवला. "जावयाचा हाय. जावईच असन. पाह्य बरं तू."

"काकाजी, तुमीच उचला."

उचलला. कानाले लावला, अगदी पुड्यासारखा, अन् डोळे बारीक करून ऐकत राह्यले. मले पलीकडचं काई ऐकू आलं नाही.

काकानं डब्याकडं पाह्यलं, मंग दाराबाहेर पाह्यलं.

"नाही वं माय," ते मनले, "नाही जेवलो. दिवस बुडाला."