अठ्ठावीस कार्डं, सात मजले

कळव्यातल्या सात मजली इमारतीच्या लिफ्टला कार्ड-यंत्रणा बसवायची, हे दीप्तीचं पहिलं स्वतंत्र काम. आजवर ती दुसऱ्यांच्या साइटवर ड्रिल धरायची. वागळे इस्टेटमधल्या ऑफिसातून निघताना सलिल सर म्हणालेले, "सहापर्यंत सेक्रेटरींची सही आण. उद्यापासून साइट तुझ्या. नाहीतर परत ड्रिल."

ज्याचं कार्ड, त्याचाच मजला चालू होणार, ही सोसायटीची अट. दीप्तीने प्रत्येक मजल्याच्या बटणाची वायर एकेका रिलेतून, म्हणजे कार्डावर चालणाऱ्या स्विचमधून नेली, जोडण्या दोनदा तपासल्या, घरटी एक अशी अठ्ठावीस कोरी पांढरी कार्डं वाटली आणि चार वाजता सेक्रेटरी त्र्यंबकरावांपुढे कागद धरला.

"आधी घरी जाऊन पाहतो," ते म्हणाले. त्यांनी कार्ड दाखवून पाच दाबलं. पाच काही पेटेना. बाकी सगळी बटणं मात्र पेटत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या भीमाबाईंनी कार्ड दाखवलं, तर त्यांचं नेमकं तीनच बंद.

"अगं पोरी, सगळ्यांच्या घरी जाता येतंय, फक्त आपल्याच नाही!"

दीप्तीला चूक कळली. रिलेला दोन टोकं असतात. कार्ड दाखवलं की एक जोडतं, दुसरं तोडतं. तिने सातही वायरी तोडणाऱ्या टोकाला लावल्या होत्या. दोनदा तपासल्या होत्या, म्हणजे ती दोनदा चुकली होती.

"काका, फक्त पंधरा मिनिटं!" म्हणत ती जिन्याने गच्चीवरच्या मशीनरूमकडे धावली.

खाली तेवढा धीर कुणाला? कार्डाशिवाय तर लिफ्ट हलतच नव्हती. भीमाबाईंनी त्र्यंबकरावांचं कार्ड लावून पाहिलं. तीन झक्कन पेटलं.

"अहो, एकमेकांची कार्डं घ्या, चालतंय!"

दीप्ती वर पोचून लिफ्ट बंद करेपर्यंत अठ्ठावीसच्या अठ्ठावीस कार्डांची अदलाबदल झालेली. तिने वायरी फिरवल्या, लिफ्ट चालू केली आणि विजयी चेहऱ्याने खाली आली. पण आता प्रत्येक कार्ड मूळ मालकाच्याच मजल्यावर नेत होतं. तोवर भीमाबाई पाचव्या मजल्यावर त्र्यंबकरावांच्या बायकोच्या, नीलाच्या, स्वयंपाकघरात होत्या, त्र्यंबकराव भीमाबाईंच्या दाराशी. तिथून ते जिन्याने खाली आले.

"दुरुस्त केलंस की आणखी बिघडवलंस?"

कार्डं परत करावीत, तर कुणाचं कुणाकडे गेलं, हे कुणालाच आठवेना. सव्वापाच झालेले. दीप्ती एकदम हसली.

"काका, कार्डाला मजला कुठे कळतो? तो मी सांगते. जे हातात आहे तेच ठेवा आणि रांग लावा!"

लॅपटॉप मांडीवर घेऊन ती लिफ्टसमोर बसली. एकेकाने कार्ड टेकवायचं, मजला सांगायचा. ती नोंद बदलायची. पावणेसहाला त्र्यंबकरावांनी पाच दाबलं. पेटलं. सहा दाबून पाहिलं. पेटलं नाही. त्यांनी सही केली.

इतक्यात भीमाबाई आल्या. "पोरी, माझ्या कार्डात पाचपण टाक. नीलाच्या हातचं थालीपीठ वीस वर्षांत आज पहिल्यांदा खाल्लं. जिना काय मला चढवतो?"

"मला सहावा हवा!" मागून कुणीतरी ओरडलं.

"आम्हाला दुसरा आणि चौथा!"

दीप्तीने त्र्यंबकरावांकडे पाहिलं.

"सगळ्यांना सगळेच दे," ते घाम पुसत म्हणाले. "माझ्यापासून सुरू कर."

ती गेटबाहेर पडली तोच सलिल सरांचा फोन आला. "काही तक्रार?"

"नाही सर. आता सगळ्यांची कार्डं सगळ्या मजल्यांना चालतात."

"अगं, मग ते बसवलं कशाला?"

दीप्तीने कागदाची नीट घडी घातली.

"सही झाली सर. उद्याची साइट कुठली?"