शिक्क्याचा पहिला वर्ग

रविवारच्या वर्गाआधी घरीच थोडी तयारी करून घ्यावी, असं बाबांच्या मनात आलं आणि तिथेच सगळं बिघडलं.

वर्ग कुत्र्याच्या पिल्लांचा होता. पिल्लू घरात येऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. त्याच्या कपाळावर, घाईत मारल्यासारखा जरा तिरका, काळा गोल ठिपका होता. बाबा टपाल कचेरीत कारकून; त्यामुळे नाव पडलं शिक्का. दहा दिवसांत शिक्क्याने आईची एक चप्पल फस्त केली. (दोन्ही खाल्ल्या असत्या तर विषय तरी संपला असता. उरलेली एक रोज दारात दिसायची आणि आईला रोज नव्याने राग यायचा.) शेवटी आईने निकाल दिला.

"रविवारी ते मास्तर म्हणाले की हा शिकण्यासारखा आहे, तर राहील. नाहीतर ज्या कंपाउंडरकडून उचलून आणलात, त्याच्याकडे परत."

बाबांना जेवण गोड लागेना. शिक्का त्यांच्या पावलावर डोकं ठेवून झोपायचा आणि पाय बधिर झाला तरी बाबा हलायचे नाहीत, इतकं प्रकरण पुढे गेलं होतं.

"बाबा, शिकवायलाच तर वर्ग असतो ना?" थोरली म्हणाली.

"आणि पहिल्याच दिवशी ढ ठरला म्हणजे?"

नवीन माणसाला तोंडाने सांगत बसायचं नाही, करून दाखवायचं, ही बाबांची कचेरीतली पद्धत. तीच त्यांनी इथे लावली. टीपॉय भिंतीला सरकवलं आणि बिस्किटांचा पुडा खिशात घातला. शिक्का भुंकला, म्हणजे त्याचं लक्ष आहे. लगेच 'बस' म्हणून बाबा स्वतः फरशीवर बसत आणि नीट पाहिल्याबद्दल त्याला अर्धं बिस्कीट देत. (उरलेलं अर्धं बाबा खात. शिकवणाऱ्यालाही भूक लागते.)

"पण बसताय तुम्हीच," थोरली म्हणाली.

"आधी बघेल, मग करेल. आमच्याकडे एकाला गठ्ठा बांधायला महिना लागला."

शनिवारपर्यंत शिक्का मिनिटाला दोनदा भुंकू लागला. बाबांचे गुडघे सुजले, पण चेहरा फुलला. "काय उत्साह आहे बघ त्याला शिकायचा!"

रविवारी बाबा पाऊण तास आधीच मैदानावर पोचले. कुंपणाशी फेऱ्या मारल्या. घड्याळ पाहिलं, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली, परत घड्याळ पाहिलं. मास्तर म्हणजे पोलिसांची कुत्री सांभाळून निवृत्त झालेले गृहस्थ. मिशीसुद्धा सावधान उभी. त्यांनी सहा मालकांना आणि सहा पिल्लांना रांगेत उभं केलं. आई हाताची घडी घालून कुंपणाबाहेर थांबली, शेजारी थोरली.

"आधी सगळ्यांनी शांत उभं राहायचं," मास्तर म्हणाले.

शिक्का भुंकला.

बाबा खाली बसले.

"साहेब, चक्कर आली का?"

"नाही, नाही." बाबा धडपडत उठले.

शिक्का पुन्हा भुंकला. बाबा पुन्हा बसले, आणि हात आपसूक खिशात जाऊन अर्धं बिस्कीट बाहेर आलं. शेजारच्या दांडग्या पिल्लाने ते हेरलं. पुढच्या क्षणी सहाही पिल्लं बाबांच्या अंगावर होती, सहा पट्ट्यांचा गुंता बाबांच्या पायात होता, आणि एक मालकीणबाई "माझ्या बाळाला मैदा चालत नाही हो!" म्हणून ओरडत होत्या.

"अहो, उठा!" कुंपणाबाहेरून आई.

"उठतोय!"

शिक्का भुंकला. बाबा अर्ध्यातून खाली बसले.

मास्तरांनी गुंता सोडवला, रांग लावली आणि बराच वेळ एकदा शिक्क्याकडे, एकदा बाबांकडे पाहत राहिले. बाबांना कंपाउंडरचं दार दिसू लागलं.

आई फाटक ढकलून आत आली. "मास्तर, स्पष्ट सांगा. शिकेल का हा?"

"हा? वहिनी, याला मी काय शिकवणार? एवढ्याशा पिल्लाने चार दिवसांत अख्खा माणूस तयार केलाय. भुंकलं की बसतो, बसला की खाऊ देतो. तीस वर्षं कुत्री शिकवली, पण असं काम माझ्याही हातून झालं नाही."

बाबांनी मान खाली घातली. शिक्क्याला घट्ट पोटाशी धरलं आणि आता आई काय म्हणते याची वाट पाहू लागले. आईने शिक्क्याला बाबांच्या हातातून काढून घेतलं, कडेवर बसवलं आणि घराच्या दिशेने चालू लागली. बाबा मागून, गुडघे झाडत.

"म्हणजे राहणार ना तो?" त्यांनी भीतभीत विचारलं.

"न राहून कसं चालेल?" आई म्हणाली, आणि शिक्क्याच्या कानाशी वाकली. "गुरुजी, यांना ओला टॉवेल दोरीवर वाळत घालायला शिकवायचं आहे. मी अठरा वर्षं सांगून थकले. तुम्हाला किती दिवस लागतील?"