प्रकाशजन्य दोष

भूपेश भोईरच्या लूम कारखान्यातलं कापड निर्दोष असतं, याबद्दल भिवंडीत कुणाचंही दुमत नव्हतं. कारखान्याच्या छताला ट्यूबलाईटी होत्या. त्यांतल्या काही पेटत, काही पेटण्याचा विचार करत, आणि तागे तपासायच्या टेबलावरची ट्यूब तर वर्षभर मंडपाच्या माळेसारखी लुकलुकत असे. तिच्याखाली बसून ठमाबाई तागा उलगडत, त्यावरून हात फिरवत आणि "पास" म्हणत. मग खरेदीदार सेठचा माणूस विपुल येई, कटिंग चहा घेई, ताग्यावर थाप मारी आणि म्हणे, "कडक माल, भूपेशभाई." गुणवत्ता तपासणीची यंत्रणा एवढीच होती, आणि ती उत्तम चालली होती.

अशा सुरळीत परिस्थितीत प्रकाश परिवर्तन कार्यालयाने मोहीम काढली. प्रत्येक लूममालकाने कारखाना आणि घर, दोन्हीकडे एलईडी दिवे लावावेत. न लावणाऱ्यास मागास समजण्यात येईल. मागास समजलं गेल्याने भूपेशचं काही बिघडणार नव्हतं. पण शेजारच्या लूमवाल्याने दिवे लावले होते. तेव्हा त्यानेही लावले.

बटण दाबताच लूमवरच्या कारागिरांनी डोळ्यांवर आडवे हात धरले. एकाने घाबरून विचारलं, "सेठ, छापा पडा क्या?"

ठमाबाईंनी तागा उलगडला आणि फिरवायला उचललेला हात मागे घेतला.

"शेठ, कापडाला रोग लागलाय."

"कसला रोग?"

"ह्ये बघा. हितं जाळी. हितं तेलाचा डाग. आनि हितं तर धागाच न्हाय."

"काल होतं का हे?"

"काल कुठं दिसलं? म्हंजे न्हवतंच."

या युक्तिवादात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. भूपेशने गेल्या आठवड्याचे तागे काढले. त्यांनाही तोच रोग होता. म्हणजे तो मागील तारखेपासून लागू झाला होता.

प्रकरण गंभीर होतं. हे कापड शाळेच्या गणवेशाचं होतं. भूपेशची मुलगी दिशा त्याच शाळेत होती आणि "आमच्या सगळ्या शाळेचे शर्ट माझे बाबा विणतात," असं तिने वर्गात सांगून ठेवलं होतं. गुरुवारी विपुल माल पास करायला येणार होता. माल परत गेला, तर लूम बंद पडणार होते आणि मुलगी वर्गात तोंडघशी पडणार होती.

घरी परिस्थिती वेगळी नव्हती.

"भुप्या, या भिंतीला ओल कधी आली रे?" आईने विचारलं.

"दिवा लावल्यापासून."

त्याची बायको हेमाली हिने लग्नाच्या वाढदिवसाला मिळालेल्या पाटल्या दिव्याखाली फिरवून पाहिल्या. "अहो, ट्यूबमध्ये या सोन्याच्या होत्या ना?"

"दिव्याचा परिणाम आहे तो," भूपेश म्हणाला, आणि त्याच क्षणी त्याला कारखान्याचंही उत्तर सापडलं.

त्याच्या तक्रारीवरून प्रकाश परिवर्तन अधिकारी अवधूत सामंत पाहणीला आले. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, मग कापडाकडे, मग पुन्हा दिव्याकडे.

"दिवे लावण्यापूर्वी दोष आढळले होते?"

"एकही नाही, साहेब."

"लावल्यानंतर?"

"एक तागा धड नाही."

"मग दोष प्रकाशजन्य आहेत. कार्यकारणभाव उघड आहे."

"जुन्या ट्यूब परत लावू?"

"छे! शहर शंभर टक्के एलईडी जाहीर झालंय. मागे जाण्याची तरतूद नाही." सामंतसाहेबांनी आवाज थोडा खाली आणला. "मात्र आदेशात दिवे लावा म्हटलंय. उजेड पडलाच पाहिजे, असं कुठेही म्हटलेलं नाही. आवरण घाला."

"कशाचं?"

साहेबांची नजर रोगट ताग्यांवर स्थिरावली.

संध्याकाळपर्यंत प्रत्येक दिव्याला डागाळलेल्या कापडाची दुहेरी टोपी चढली. ठमाबाईंनी तागा उलगडला, हात फिरवला.

"गेला बघा रोग. पास!"

गुरुवारी विपुल आला, कटिंग घेतली, थाप मारली. "कडक माल, भूपेशभाई. पण अंधार का?"

"एनर्जी सेव्हिंग."

"अच्छा, अच्छा," विपुल आदराने म्हणाला.

उपाय इतका यशस्वी ठरला, की कार्यालयाने तो शहरभर लागू केला. मानकोलीच्या रस्त्यावर नवे दिवे लागल्यापासून खड्डे पडले होते. तिथल्या खांबांना टोप्या घालताच रस्ता गुळगुळीत झाला. टोप्यांच्या कापडाचं काम भूपेशलाच मिळालं. अट एकच होती, कापड निर्दोष हवं. त्याची तपासणी टोपी घातलेल्या दिव्याखाली झाली आणि ते निर्दोष निघालं.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात भूपेशचा 'प्रकाशमित्र' म्हणून सत्कार ठरला. मुलं नव्या गणवेशात रांगेत उभी होती. दिशा पहिल्या रांगेत होती. झेंडा वर गेला, आणि गोदामांच्या पत्र्यांमागून सूर्यही वर आला.

सूर्याला टोपी नव्हती.

दिशाच्या बाहीतून ऊन आरपार गेलं आणि खाली जमिनीवर तिच्या सावलीत उजेडाचे ठिपके पडले. मग तिच्या मागच्या मुलाच्या सावलीत. मग सगळ्या रांगेच्या.

वर्गशिक्षिका माधवीबाईंनी दिशाची बाही दोन बोटांनी उचलली. "भूपेशराव, हे काय?"

भूपेशने बाहीकडे पाहिलं. ती जाळी कुठल्या ताग्यातली, ते त्याने ओळखलं. त्याने सामंतसाहेबांकडे पाहिलं.

"ऊन आमच्या कार्यक्षेत्रात येत नाही," सामंतसाहेब म्हणाले.

"बाबा," दिशा हळूच म्हणाली, "सगळे बघतायत. मी सावलीत जाऊ?"

"जा," भूपेश म्हणाला. त्याला आणखी काही सांगायचं होतं, पण माईकवर त्याचं नाव पुकारलं गेलं.

दिशापाठोपाठ सगळी रांग मंडपाखाली गेली. शर्ट पुन्हा निर्दोष झाले. पालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि टाळ्या वाजवल्या. भूपेशने शाल घेतली. ती त्याने उलगडून पाहिली नाही.

माधवीबाई तेवढ्या उन्हात उभ्या राहिल्या. मुलांचे कपडे उन्हात धरून त्यांना भोकं पाडल्याबद्दल त्यांच्याविरुद्ध पालकांचा अर्ज तिथल्या तिथे तयार झाला आणि खुर्च्यांमधून फिरू लागला.

वाचकहो, तो आपल्या खुर्चीपर्यंत आला तेव्हा आपण म्हणालात, "चष्मा आणला नाही हो, सही कुठे करू?" शेजारच्या पालकांनी बोटाने जागा दाखवली. आपली सही सुरेख आहे.