गोमाजींची रेंगी

गोमाजी रेंगी बघायला जात, तेव्हा आधी डोळ्यांवर दुपट्टा बांधून घेत. गाठ घट्ट बसली का, हे ते मला ओढून बघायला लावत. मग मी त्यांना हाताला धरून गाडीत बसवायचं, त्यांनी दोन्ही हातांनी कठडा पकडायचा आणि मानेने खूण करायची. बैल सुटले की पहिल्या दहा हातांतच ते कुलदैवतापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांचा धावा सुरू करत.

रेंगी म्हणजे काय, हे आमच्या वर्धेकडे सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. कापूस वाहते ती बैलगाडी म्हणजे बंडी. रेंगी ओझ्यासाठी नसते. ती हलकी, आखूड, मागे दोघं दाटीवाटीने बसतील एवढी, आणि तिचं काम पळणं. पट भरला, म्हणजे बैलांच्या शर्यती लागल्या, की तिचा भाव वाढतो. ज्याच्या दारात पटाची रेंगी, तो मिशीला पीळ देत फिरतो.

गोमाजींना मिशी नव्हती आणि पटाचे बैलही नव्हते. त्यांची जोडी आख्ख्या अल्लीपुरात सावकाश. शेतातून घराकडे निघाली की वाटेत दोनदा विचार बदलायची. स्वतः गोमाजी तर इतके जपून वागणारे की नाला आला की बंडीतून उतरून पायी पलीकडे जात आणि बंडीची वाट बघत थांबत. अशा माणसाला पटाची नवी कोरी रेंगी घ्यायची होती.

मी मास्तर म्हणून त्यांच्या समोरच्या घरात राहायला आलो, तेव्हा त्यांची निवड चालू होती. त्यानंतर आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, आणे जाऊन नये पैसे आले, माझं लग्न होऊन मला दोन मुलं झाली. गोमाजींची निवड चालूच होती. निदान तोवर गाळत गाळत दोनच रेंग्या उरल्या होत्या, एक हिंगणीच्या सुताराची आणि एक नाचणगावच्या.

हिंगणीला जंगल जवळ. तिथला सुतार लाकूड पारखून घ्यायचा आणि रेंगी अशी हलकी करायचा की दोघांनी उचलून बाजूला ठेवावी. पळायला तिच्यासारखी दुसरी नाही. पण वाटेतल्या प्रत्येक खड्याची खबर ती थेट पाठीच्या कण्याला द्यायची. नाचणगावची त्याउलट. तिचं चाक असं बेताने बसवलेलं की माणूस कापसाच्या ढिगावर बसल्यासारखा जायचा. फक्त पटात ती हिंगणीच्या मागे अर्धा बैल राहायची.

यावरून गावात दोन पक्ष पडले. चहाच्या हॉटेलात हिंगणीवाले एका बाकावर बसत आणि नाचणगाववाले दुसऱ्या. आमच्या हेडमास्तरांनी जन्मात रेंगीत पाय ठेवला नव्हता, पण ते कट्टर हिंगणीवाले होते. मी ज्या रविवारी जिच्या परीक्षेला जाऊन येई, त्या आठवड्यात तिच्या बाजूचा असे.

हो, परीक्षेला मला जावं लागे. शिकलेला माणूस बरोबर असला म्हणजे सुतार नीट बोलतो, असं गोमाजींचं मत. हिंगणीला जा की नाचणगावला, आधी मोटारीने वर्धा गाठायची आणि पुढे निम्मा रविवार वाटेत घालवायचा. सुतार बिचारा आस कोणत्या लाकडाचा, चाकावर लोखंडी धाव कशी चढवली ते सांगायला तोंड उघडे, तर गोमाजी डोळे बांधून तयार.

मी एकदा विचारलं, "गोमाजी, गाडी डोळ्यांनी का नाही बघत?"

"डोये फसवते, मास्तर. बुड नाई फसवत."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. भाजी घेताना, जावई बघताना, मोटारीत जागा पकडताना ते हेच म्हणत. गाडीतून उतरले की त्यांचे प्रश्नही असेच. दुपट्टा सोडायच्या आधीच विचारत, आता आपण मुरमावरून काळ्या मातीत आलो का? बाभळी डावीकडे होत्या ना? नाचणगावच्या सुताराला त्यांनी सांगितलं की तुझी रेंगी फार चांगली, पण मुकी आहे, रस्ता कोणता ते सांगत नाही. हिंगणीच्याला सांगितलं की तुझी लई बोलते. त्यावर हिंगणीच्याने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, हे रेंगी घ्यायला येतात की आंधळी कोशिंबीर खेळायला? मी खो खो हसलो होतो. तो विनोद मी हॉटेलात दोन्ही बाकांना सांगितला.

परत आलो की सगुणाबाई, म्हणजे गोमाजींच्या पत्नी, आम्हा दोघांना चहा देत. मी अल्लीपुरास येण्याच्या आधीच त्यांची दृष्टी पूर्ण गेली होती. तरी चहा कधी सांडला नाही. पावलांवरून माणूस ओळखत. एकदा मी दारात पाय ठेवतो न ठेवतो तोच म्हणाल्या, मास्तर, डाव्या वहाणेचा अंगठा तुटून राह्यला तुमचा. मी बघितलं, तुटत होता. त्यांच्या माहेरी तीन पिढ्यांपासून पटाची जोडी होती. लहानपणी त्या बापाच्या रेंगीत पाठीमागे उभ्या राहत आणि पहाटेच्या सरावाला स्वतः कासरा धरत, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. आता त्या अंगणाच्या बाहेर जात नसत.

हे सगळं मला ठाऊक होतं. गोमाजी डोळे बांधून रेंगी बघतात, हेही ठाऊक होतं. आणि मी शाळेत गणित शिकवत होतो.

शेवटी दोन्ही सुतार कंटाळले. त्यांनी एकमेकांना निरोप धाडून एकी केली. संक्रांतीनंतर आमच्या गावाजवळ पट भरे. दोघंही तिथे नव्या रेंग्या घेऊन येणार होते. गोमाजींनी त्या दिवशी पटाच्या मैदानावर निवड करायची, नाही केली तर दोघांच्याही गाडीला पुन्हा हात लावायचा नाही, असं ठरलं. गोमाजींना अन्न गोड लागेना. चार दिवस आधी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"म्या शब्द देल्ला हाय, मास्तर. यंदा नाई घेतली त मंग कवा घेऊ? अन् चुकीची घेतली त दुसरी घेनं होत नाई माझ्याच्यानं."

शब्द कोणाला दिला, असं मी विचारलं. ते स्वतःच्या घराकडे बघत बसले. मग म्हणाले की नाचणगावचीच घेतो, अंगाला धक्का लागायला नको. मी म्हटलं, पटात धक्क्याला कोण विचारतो?

पटाच्या दिवशी शर्यती सुरू व्हायच्या आधी निम्मं अल्लीपूर मैदानावर जमलं होतं. दोन्ही बाक हजर होते. दोन रेंग्या शेजारी शेजारी उभ्या, सुतार चाकांवरची धूळ पुसताहेत. आणि सगुणाबाईंचा भाऊ माहेरची पांढरी जोडी घेऊन आलेला. तो का आला, हे माझ्या लक्षात यायच्या आत गोमाजी आले. त्यांच्या कोपराला धरून सगुणाबाई चालत होत्या. बऱ्याच वर्षांनी त्यांना घराबाहेर बघून लोकांनी आपोआप वाट दिली. गोमाजींचे डोळे उघडे होते. दुपट्टा खांद्यावर होता.

मला तेव्हा कळलं. हॉटेलात सांगितलेला तो विनोद आठवला आणि मला तोंड कुठे लपवावं ते कळेना.

"दृष्टी गेली तवा ही रडली नाई," गोमाजी माझ्या कानाशी म्हणाले. "एकच म्हने, आता मले वारा लागत नाई. म्या म्हटलं, आनून देतो. पन मले यातलं काय कळते, मास्तर? मी घाबरट मानूस. म्हून डोये बांधून बसत होतो. तिले कसं लागन, ते पाह्यत होतो."

पहिल्यांदा नाचणगावची जुंपली. भावाने कासरा हातात घेतला, तर सगुणाबाईंनी हात पुढे केला. भाऊ गोमाजींकडे बघू लागला, गोमाजी आकाशाकडे. पण पटाचा रस्ता सरळ, बैल मुरलेले, आणि भाऊ बाजूने धावणार होता. गोमाजींनी मागे बसून डावं-उजवं सांगायचं, असं ठरलं. गाडी मैदानाच्या टोकाला अलगद जाऊन अलगद परत आली. सगुणाबाई उतरल्या आणि म्हणाल्या, चांगली आहे, हिच्यात झोप छान लागेल. नाचणगावच्या सुताराला त्यातली प्रशंसा तेवढी ऐकू आली. गोमाजींना दुसरंही ऐकू आलं. त्यांचा चेहरा पडला.

मग हिंगणीची जुंपली. बैलांनी झेप घेतली आणि चाकं बोलू लागली. मुरमावर एक आवाज, मातीत दुसरा, मधल्या वाळूच्या पट्ट्यात तिसरा. भाऊ चाळीस पावलांत मागे पडला. सगुणाबाईंचा पदर डोक्यावरून उडाला, त्यांनी तो सावरला नाही. आधी गोमाजींचं "डावं, डावं" ऐकू येत होतं, मग तेही बंद झालं. जोडी सरळ रेषेत गेली, वळली आणि आली. तोपर्यंत दोन्ही बाकांची माणसं टाचा उंचावून बघत होती, हेडमास्तरसुद्धा.

सगुणाबाईंनी जोडी थांबवली. त्या धापा टाकत होत्या आणि हसत होत्या. मी त्यांना तसं हसताना कधी बघितलं नव्हतं.

"हेच घ्या," त्या म्हणाल्या. "हिच्यात रस्ता समजते. पन तुमी मधातच चुप काऊन झाले?"

गोमाजी मागे कठड्याला बिलगून बसले होते.

"म्या डोये मिटले होते," ते म्हणाले.

म्हणजे अख्खा पट दोघांनीही न बघताच पार केला होता. सगुणाबाईंना हसू आवरेना, मग बैल धरायला आलेला भाऊ हसला, मग मैदान. गोमाजी तेवढे रडत होते, पण त्यांना रेंगीतून उतरवताना मी त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा त्यांच्या हातात दिला, तेव्हा ते डोळ्यांत धूळ गेली म्हणाले. हिंगणीची रेंगी त्यांच्या दारात आली. भावाने जोडीही ठेवली. त्या रेंगीने कुठल्याही पटात भाग घेतला नाही. संध्याकाळी ते दोघं गावाबाहेरच्या सरळ रस्त्याने जाऊन येत, एवढंच तिचं काम. शाळेच्या ओसरीत बसून मी ती ऐके. आता मुरूम, आता माती, हे मलाही कळू लागलं होतं.

एकदा मीच म्हटलं, मलाही न्या. गोमाजींनी शेजारी जागा करून दिली आणि माझा हात घट्ट धरला. त्यांना माझा आधार हवा होता की मला त्यांचा, हे रेंगी गावाबाहेर पडेपर्यंत स्पष्ट झालं नाही. सगुणाबाई पुढे होत्या. बैल भरात आले तशी त्यांनी मान न वळवता विचारलं, "मास्तर, डोये उघडे हायेत ना?"

मी उघडे आहेत म्हणून सांगितलं. त्यांनी कासरा आणखी सैल सोडला.