माया न सोडलेली उशी

काकूंचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेला होता आणि शेवटचं कुशन कव्हर अजून कापायचंसुद्धा राहिलं होतं. बाकीची सगळी कव्हरं, पोपटी रंगाची, काठाने पांढरी पायपिंग फिरवलेली, घड्या घालून पिशवीत तयार होती. गावात नव्याने आलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आपल्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीसाठी ती सांगितली होती. शेजारीपाजारी सोडून कोणीतरी परक्या माणसाने काकूंना दिलेलं हे पहिलंच काम. दवाखाना आज सुरू होणार होता, आणि काकू सकाळीच न्हाणीघरात घसरल्या होत्या.

"एक कमी दिलं तर काय बिघडलं?" काकूंचे यजमान, म्हणजे सर, म्हणाले.

"रांगेत एक उशी नसली तर दातांच्या दवाखान्यात कसं दिसेल? दात पडल्यासारखं."

सरांना ते पटलं. असं क्वचित व्हायचं. सरांनी सारा जन्म शाळेत भूमिती शिकवली होती. गावातल्या अर्ध्याअधिक लोकांनी कधी ना कधी त्यांच्यासमोर उभं राहून घाम पुसला होता. पण निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी काही विचारेना. दिवसभर ते घरात फिरत, डब्यांची झाकणं बरोबर लागली आहेत का ते बघत आणि काकू शिवायला बसल्या की मागे उभे राहून "रेष वाकडी चाललीये" असं सांगत. मशीनपेक्षा सरांचाच आवाज जास्त होतो, असं काकूंचं म्हणणं होतं.

"मी शिवतो," सर म्हणाले.

"तुम्ही?"

"का? चौरसच आहे ना? आयुष्यभर चौरस काढले मी."

"फळ्यावर काढलेत. फळा निसटत नाही, कापड निसटतं."

पण दुसरा इलाज नव्हता. काकू दिवाणावर पाय पसरून बसल्या आणि तिथूनच सूचना देऊ लागल्या. "हे बघा, कापताना चारही बाजूंनी माया सोडा."

"कापडाला कसली माया?"

"अहो, शिलाईत जातं तेवढं जास्तीचं कापड. त्याला माया म्हणतात. आणि पायपिंगची पट्टी उरेब कापायची. तिरकी. सरळ कापलीत तर कोपऱ्यावर वळत नाही."

"किती अंशात तिरकी?"

"मला काय माहीत अंश? तिरकी म्हणजे तिरकी!"

सरांना या उत्तराची कीव आली. तेवढ्यात काकूंनी दुखण्यावरची गोळी घेतली आणि "चेन लावायच्या आधी मला उठवा हं" असं म्हणता म्हणता त्यांना झोप लागली. सरांनी त्यांना उठवलं नाही. आजारी माणसाला उठवू नये, शिवाय न उठवण्यात मोकळीक होती.

डॉक्टरीणबाईंनी मापासाठी दिलेली उशी त्यांनी मोजली. मग अगदी तेवढंच, एका दोऱ्याचाही फरक न ठेवता, कापड कापलं. चौरस म्हणजे चौरस. त्याच्याभोवती आणखी माया लावली तर तो दुसराच चौरस होईल, हे त्यांना उघड दिसत होतं. पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या मात्र त्यांनी कोनमापक ठेवून अशा काटेकोर तिरक्या कापल्या, की त्या बघायला वर्ग समोर नाही याचं त्यांना वाईट वाटलं. कापताना पोपटी कापड हलू नये म्हणून त्यांनी त्यावर काकूंचा फोन ठेवला होता. जुना, बटणांचा फोन. शिवताना हात गुंतलेले असतात म्हणून लेकीने तो असा करून दिला होता, की कुठलंही बटण कोपराने जरी दाबलं तरी फोन उचलला जाई आणि पलीकडचा आवाज घरभर घुमे.

मशीनवर बसल्यावर पहिली अडचण आली. सरांनी पायडल मारलं की चाक उलटं फिरे आणि दोरा तुटे. दोरा ओवला की दिसत नसे, दिसला की ओवला जात नसे. पण माणूस चिकाटीचा. अर्ध्या तासात त्यांनी पायपिंग लावली. थोड्या वेळात चेनही लावली, मग सुलट बाजू आत ठेवून चारही कडांना टीप मारली आणि अभिमानाने कव्हर उचलून बघितलं.

कव्हर सुरेख बंद झालं होतं. चारही बाजूंनी. चेन लावताना ती बंद होती, टीप मारतानाही बंदच होती, आणि तिला उघडायचा रनर आता कव्हराच्या आत होता. जिच्यात जायला वाट नाही अशी एक पिशवी सरांनी शिवली होती.

"असं होणं शक्य नाही," सर हळूच म्हणाले. पण ते हातातच होतं.

त्यांनी दिवाणाकडे पाहिलं. काकू घोरत होत्या. मग त्यांनी कंपासपेटीतलं कर्कटक आणलं, त्याचं टोक चेनच्या दातांमधून आत घातलं आणि आतला रनर चोरासारखा थोडा थोडा सरकवत आणला. घामाघूम झाले. पण कव्हर उघडलं आणि सुलटं झालं. पायपिंग एका बाजूने बाहेर आणि एका बाजूने आत गेली होती, तरी लांबून कळत नव्हतं.

खरा घोळ उशी घालताना झाला. उशी आत जाईना. आधी त्यांनी ती दाबली, मग गुडघ्याने दाबली, मग तिच्यावर बसले. उशी कव्हरापेक्षा मोठी होती. मोजून कापलेल्या कव्हरापेक्षा! सरांनी पट्टी लावली. कव्हर चारही बाजूंनी बोटभर कमी भरलं.

"उशी फुगलीये," सरांनी निष्कर्ष काढला.

फुगलेल्या वस्तूतली हवा कमी करायची असते. त्यांनी उशीची आतली खोळ उसवली, ती बाजूला फेकली आणि कापूस थेट कव्हरात भरायचं ठरवलं. तेवढ्यात पंख्याला वाव मिळाला. कापूस टेबलभर झाला, तिथून खोलीभर झाला, काकूंच्या केसांतही थोडा जाऊन बसला. सरांनी पंखा बंद केला आणि टेबलावरचं सगळं दोन्ही हातांनी गोळा करून कव्हरात कोंबलं. मग उशी पोटाशी धरून त्यांनी चेन ओढली. शेवटच्या वितीला ती अडली. त्यांनी जोर लावला. चेन बंद झाली आणि रनरचं शेपूट तुटून हातात आलं.

"आता उघडायची गरजच काय?" सर स्वतःशीच म्हणाले, आणि कव्हरांची पिशवी आणि ती उशी घेऊन स्वतः दवाखान्यात पोचवून आले. डॉक्टरीणबाई घाईत होत्या. त्यांनी "वा, छान!" म्हणत बाकीच्या उशांना कव्हरं चढवली आणि सगळ्या बाकावर ओळीने मांडल्या. त्या पोपटी ओळीत शेवटची उशी जरा खुजी आणि जरा रागावल्यासारखी दिसत होती, पण घाईत ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

सर घरी आले तेव्हा काकू जाग्या होऊन केसांतला कापूस काढत होत्या.

"झालं?"

"झालं आणि दिलंसुद्धा."

"मला न दाखवता?"

"दाखवण्यासारखं काय त्यात? चौरस होता."

काकूंना संशय आला, पण आधी लेकीला फोन करायचा होता. "माझा फोन कुठंय?"

फोन टेबलावर नव्हता, मशीनवर नव्हता, दिवाणाखाली नव्हता. सरांनी आपल्या फोनवरून तो लावला. घरात कुठेच वाजला नाही, पण पलीकडे रिंग होत राहिली. आणि एकदम कोणीतरी उचलला.

"हॅलो! कोण बोलतंय?" सर गरजले.

पलीकडे गुबगुबीत खरखर. मग कोणीतरी कण्हल्यासारखं, "क... कोण?"

"ते मी विचारतोय! माझ्या बायकोचा फोन कुठून उचललास?"

"मी काही उचललं नाही हो. मी नुसता बसलोय."

"बसलायस? चोरी करून वर बसलायस? आधी उभा राहा!"

बाक करकरल्याचा आवाज आला. मग तोच आवाज, आता लांबून आणि बारीक होऊन, म्हणाला, "सर? सर, तुम्ही आहात? उभा राहिलोय, सर."

सर गोंधळले. फोनमधून आता एका बाईचा आवाज येत होता. "काय झालं? तुम्ही असे हात जोडून का उभे?"

"डॉक्टर, त्या उशीतनं आमचे भूमितीचे सर बोलतायत."

"अरे देवा. गाल फारच सुजलाय तुमचा. ताप आहे का बघू."

सरांनी फोन घाईघाईने बंद केला. काकू त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या.

"अहो, त्या उशीत काय भरलंत?"

"कापूस."

"आणि?"

फोन कुठे ठेवला होता ते आठवून सरांनी रिकाम्या टेबलाकडे पाहिलं. काकूंनी डाव्या हाताने चपला ओढल्या आणि त्या पुढे, सर मागे, असे दोघं दवाखान्याकडे निघाले. वाटेत काकू एवढंच म्हणाल्या, "पहिलं काम होतं हो माझं." आणि सरांना त्या दिवसात पहिल्यांदाच आपलं काहीतरी चुकलं असं मनापासून वाटलं. त्यांनी सदऱ्याला चिकटलेला कापूस वेचून खिशात टाकला.

दवाखान्यात बाकाचं एक टोक ओस पडलं होतं. तिथे ती उशी एकटी होती आणि बाकीचे पेशंट दुसऱ्या टोकाला दाटीवाटीने बसले होते. मधोमध एक धिप्पाड माणूस गालावर हात ठेवून अजून उभाच होता. चौकातला टायरवाला. एका हाताने ट्रकचं चाक फिरवणारा तो गडी, सर दारात दिसताच आणखी ताठ झाला.

काकूंनी उशी उचलली. उलटीसुलटी करून बघितली. "ही माझी नाही," त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "म्हणजे, माझीच आहे. पण मी शिवलेली नाही. आणि माझा फोन हिच्या पोटात आहे."

"मग काढू या की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण रनरला धरायला काहीच नव्हतं. काकूंनी डाव्या हाताने ओढून बघितलं, सरांनी नखाने ओढून बघितलं. शेवटी डॉक्टरीणबाई आत जाऊन दात उपटायचा चिमटा घेऊन आल्या. उशी मांडीवर धरून त्यांनी दिवा जवळ ओढला, आणि सवयीने म्हणाल्या, "घाबरू नका, जरा ओढल्यासारखं वाटेल."

चेन कर्रकन उघडली. दाबून भरलेला कापूस सुटकेचा निःश्वास टाकावा तसा बाहेर आला, आणि त्याच्या मधोमध फोन. कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. काकूसुद्धा हसल्या, कारण डॉक्टरीणबाईंच्या नाकावरही कापूस बसला होता.

या गडबडीचा फायदा घेऊन टायरवाला दाराकडे सरकत होता. "मी येतो मग उद्या, डॉक्टर. आता बरं वाटतंय."

"आल्यापासून दुसऱ्यांदा निघालेत हे," डॉक्टरीणबाई हताशपणे म्हणाल्या.

"कुठे निघालास?" सर म्हणाले.

आवाज काही मोठा नव्हता. पण टायरवाल्याचा पाय उंबऱ्यावरच थांबला.

"तू दुसऱ्या बाकावरचा ना? परीक्षेच्या दिवशी पोट दुखायचं तो?"

"हो सर."

"आत जाऊन बस."

"हो सर."

तो आत गेला, खुर्चीत बसला, आणि न सांगताच तोंड उघडलं. सर दारात हात मागे बांधून उभे राहिले. दात निघेपर्यंत टायरवाल्याने हूं की चूं केलं नाही. नंतर तोंडात बोळा धरून बाहेर आला आणि सरांना म्हणाला, "काही कळलंसुद्धा नाही, सर." त्याच्या मागोमाग एक बाई आत गेल्या. त्यांनी दुपारपासून "आधी तुम्ही जा" म्हणत चार जणांना पुढे सोडलं होतं. पण त्याही सरांच्याच वर्गातल्या निघाल्या. बाकीच्यांनी मग आपणहून रांग लावली. रांग सरळ होती.

संध्याकाळी खोली रिकामी झाली तेव्हा काकू ती उसवलेली उशी काखेत धरून डॉक्टरीणबाईंपाशी गेल्या. "चुकलं आमचं. हात बरा झाला की चांगली शिवून देते. ही परत नेते."

"ही न्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग जरा अडखळल्या. "पण काकू, एक विचारू? सर मोकळे असतात का हो? रोज थोडा वेळ नुसते इथे बसले तरी चालेल. लोक पळून जाणार नाहीत."

सरांनी चष्मा काढून पुसला. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी त्यांना विचारत होतं. ते रुबाबात म्हणाले, "बघावं लागेल. घरात बरीच कामं असतात माझ्याकडे."

"काही कामं नसतात," काकू म्हणाल्या. "सकाळी पाठवते. संध्याकाळीही पाठवू का?"

काकूंचा हात बरा झाला. एकांतात, मागून कोणी रेष वाकडी म्हणणारं नसताना, त्यांनी एक देखणी उशी शिवली, चेन सरसर उघडणारी, पायपिंग कोपऱ्यावर लोण्यासारखी वळलेली. ती घेऊन त्या दवाखान्यात गेल्या, तर बाकाच्या शेवटी ती ठेवायला जागाच नव्हती. पोपटी उशांच्या ओळीत, अगदी कडेला, पांढरा सदरा घालून सर ताठ बसले होते.