रंगनाथरावांचा चीन

पुस्तक उघडायच्या आधी रंगनाथराव त्याच्या पुठ्ठ्यावर बोटानं दोनदा टकटक करायचे. दारावर करतात तशी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, वाळवी लागलीय का बघताहेत. मी पडले ग्रंथपाल, लगेच उठून जवळ गेले. "काय झालं हो?" म्हणून विचारलं, तर म्हणाले, "काही नाही बाई. आत माणसं असतात. एकदम उघडलं तर दचकतात."

मी तारखेचा शिक्का मारला आणि पुस्तक पुढं सरकवलं.

औरंगाबादला, औरंगपुऱ्यातल्या त्या वाचनालयात मी चोवीस वर्षं काढली. नाना नमुने बघितले. रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवणारा एक महाभाग होता, त्याला मी शेवटी पकडला. पण रंगनाथरावांसारखा माणूस दुसरा नाही. पाटबंधारे खात्यात आरेखक होते. जन्मभर धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढले. निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून चीनच्या मागं लागले. स्वतः मनमाडच्या पुढं गेलेले नव्हते, पण चीनविषयी असं बोलायचे की जसं काही करमाडला मळा आहे आणि आत्ताच तिकडून आलेत. घरी कुणी भेटायला गेलं तर बायको दारातूनच सांगायची, "बसा. ते चीनला गेलेत, जेवायला येतील."

चहात साखर कमी पडली की म्हणायचे, "यिन वाढला." जास्त पडली की, "यांग चढला आज." एकदा वाचनालयाचा पंखा बंद पडला. मी वायरमनला निरोप धाडते तोवर हे उठले आणि म्हणाले, "वायरमनचं काम नाही हे. खोलीतली 'ची' अडकलीय. प्राणशक्ती हो! ते कपाट हलवा." मी चिडून कपाट हलवायला लावलं, म्हटलं एकदा यांची खोड मोडू. तर कपाटामागं प्लग सुटलेला! पंखा सुरू झाला. त्या दिवसापासून वाचनालयात यांना बोलायची कुणाची हिंमत होईना.

तर या माणसानं कादंबरी लिहिली. 'पाचूचा दरवाजा'. सहाशे बारा पानं. स्वतःच छापून घेतली आणि पहिली प्रत माझ्या टेबलावर आणून ठेवली. "वाचा आणि भांडा," म्हणाले. "गोड बोलू नका. गोड बोलणारे घरी लई आहेत."

भांडायला मला कुणी सांगावं लागत नाही. दर गुरुवारी दुपारी, वाचनालय रिकामं असायचं तेव्हा, आमची खडाजंगी सुरू झाली.

कादंबरी अशी. चीनमध्ये एका डोंगराच्या पोटात एक ड्रॅगन हजार वर्षं झोपलाय. त्याच्या श्वासावर सगळ्या जगाची 'ची' चालते. त्याचं स्वप्न कुणी तरी चोरून नेतं, तो तळमळायला लागतो, आणि जगातल्या नद्या उलट्या वाहायला लागतात. ते स्वप्न शोधायला दोन मित्र निघतात, वांग आणि शू-लुंग. वाटेत ढगावर चालणारे तपस्वी, अमर होण्याचं औषध, पितरांच्या आत्म्यांचा बाजार, काय वाट्टेल ते. खोटं कशाला सांगू, मी दोन रात्रींत संपवली. पण हे त्यांना सांगितलं असतं तर डोक्यावर बसले असते.

"रंगनाथराव," मी म्हटलं, "तुमच्या चीनच्या राजधानीला बावन्न दरवाजे आहेत."

"आहेत."

"डोंगरात शिरायला किल्ल्यातल्यासारखी काळोखी अंधारी आहे. भिंतीतून पाणी पडतं आणि त्यावर दळण दळतं. बादशहा आपल्याकडचं मटण, नान-खलिया खातो. हा चीन आहे का आपलं औरंगाबाद-दौलताबाद?"

"वाचक हुशार असला की असा त्रास होतो," ते म्हणाले.

"आणि तो हजार वर्षांचा तपस्वी! 'आव मियाँ, बैठो, चुना जरा कम लगाव' म्हणतो. चीनमध्ये पान खातात का?"

"तो खातो," रंगनाथराव म्हणाले. "त्याच्यात बदल नाही करता यायचा."

हे असंच. वांगविषयी काहीही बोला, ते लगेच टिपून घ्यायचे, मान डोलवायचे. "वांगचं लग्न फार लांबलंय" म्हटलं तर पुढच्या आवृत्तीत चार पानं कापायचं कबूल. पण काही पात्रांना हात लावू द्यायचे नाहीत. त्यातलं मुख्य म्हणजे शू-लुंग. चौथ्या प्रकरणात हा शू-लुंग पाचूच्या दरवाजापाशी पोचतो, दरवाजावर हात ठेवतो, आणि प्रकरण तिथंच तुटतं. खाली एवढंच छापलेलं, 'बाकी कल.' पाचव्या प्रकरणापासून वांग एकटा. तो लढतो, बुडतो, तरतो, राजकन्येशी लग्न करतो. आणि शू-लुंग? तो दरवाजाला हात लावून उभा! सहाशे पानं! मधूनमधून वांगला त्याची आठवण येते, "शू-लुंग अजून तिथं असेल" असं तो म्हणतो, आणि पुढं चालायला लागतो. ड्रॅगनचं स्वप्न शेवटी सापडतं, पण ते नेऊन द्यायला दोघं लागतात. वांग दरवाजाच्या अलीकडं येऊन बसतो. कादंबरी संपली.

"अहो, हलवा त्याला!" मी म्हणायची. "आत तरी न्या, नाही तर मारून टाका. वाचकाचा जीव टांगणीला लागतो."

"तो मला हलवता येत नाही, बाई."

"लेखक कोण?"

यावर ते चष्मा पुसायचे.

मग मी एक आगाऊपणा केला. वाचनालयात दर महिन्याला एका पुस्तकावर चर्चा व्हायची. मी 'पाचूचा दरवाजा' ठेवला, लेखकाशी बोलणार मी. बारा-चौदा माणसं आली. रंगनाथराव इस्त्रीचा शर्ट घालून आले. सुरुवात झकास झाली. मी एकेक दरवाजा, एकेक पान-सुपारी बाहेर काढत गेले, लोक हसत होते, तेही हसत होते. आणि मग मला चेव आला.

"आता सांगा," मी म्हटलं, "आमच्या शू-लुंगाचं काय? चौथ्या प्रकरणात 'बाकी कल' म्हणून उभा केलात. लेखक विसरला का छापखाना विसरला? का शू-लुंगाचीच 'ची' अडकलीय? मागं प्लग सुटलाय का बघू का?"

लोक पोट धरून हसले. पंख्याची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. रंगनाथराव मात्र हसले नाहीत. ते पेल्यातलं पाणी प्याले आणि पेला खाली ठेवला. "त्याचं उत्तर माझ्याकडं नाही," एवढंच बोलले. मी सावरून घेतलं, आभार मानले, चहा झाला. पण मला कळलं होतं की मी कुठं तरी नको तिथं हात घातला. माझ्या जिभेला हाडच नाही, काय करू.

सगळे गेल्यावर ते थांबले होते. मी खुर्च्या लावत होते, त्यांच्याकडं बघायची लाज वाटत होती. आपणहून सांगायला लागले.

"आमच्या लहानपणी एक चिनी कापडवाला सायकलवर यायचा, रेशीम विकायला. मोडकंतोडकं बोलायचा. ड्रॅगनची गोष्ट त्याची. तेवढी सांगून तो गेला, पुढची आम्ही रचली. मी आणि अन्वर. शाळा एक, बाक एक. शाळा सुटली की पाणचक्कीच्या हौदावर बसायचं. एक दिवस त्यानं सांगायची, एक दिवस मी. तो उर्दूत सांगायचा, मी मराठीत. नियम एकच होता. वांग माझा, शू-लुंग त्याचा. तो पानवाला तपस्वीही त्याचाच. दुसऱ्याच्या माणसाला हात लावायचा नाही."

मी हातातली खुर्ची खाली ठेवली.

"निजामावर पोलीस ॲक्शन झाली त्या दिवसांत शाळा बंदच होती. तरी आम्ही हौदावर जायचो. त्या दिवशी पाळी त्याची होती. शू-लुंगाला त्यानं दरवाजापर्यंत आणला, दरवाजावर हात ठेवायला लावला आणि उठला. म्हणाला, 'बाकी कल.' दुसऱ्या दिवशी मी गेलो, तर त्यांच्या घराला कुलूप. कराचीला गेले म्हणाले शेजारचे."

"मग पत्र?"

"दोन आली, मीही चार धाडली. मग त्याचा पत्ता बदलला का काय, माझं पत्र परत आलं. पण बाई, पाळी त्याची आहे. मी वांगला जितका फिरवायचा तितका फिरवला. शेवट करायला शू-लुंग लागतो. त्याला हलवायची इजाजत मला नाही. अन्वरनं एकदा सांगायला पाहिजे, दरवाजा उघडला का नाही. एवढंच पाहिजे मला. बाकी काही नाही."

साठीचा माणूस, आणि हे असं बोलत होता की अन्वर कालच गावाला गेलाय. मला रडू आवरेना. मी जी जी पानं हसून हसून सोलली होती, ती सगळी त्या पोराची होती.

आमच्या वाचनालयाची पुस्तकं सलीमभाई बांधायचे. पैठण गेटला त्यांचं बाइंडिंगचं दुकान. त्यांची बहीण कराचीत दिलेली. भाचीच्या लग्नाला ते जाणार म्हणून कळलं, तसं मी त्यांना गाठलं. अन्वरचं आणि त्याच्या वडलांचं नाव, जुना मोहल्ला, सगळं एका कागदावर लिहून दिलं. रंगनाथरावांनी तर चौथं प्रकरण उर्दूत उतरवून दिलं, नकाशावर असतं तसल्या सुबक अक्षरात. खाली लिहिलं, 'तुझी पाळी.'

"हौ बाई, ढूँढ लेता," सलीमभाई म्हणाले. "वहाँ के औरंगाबादवाले सब एक दूसरे को जानते."

ते दोन महिने रंगनाथराव रोज यायचे. गुरुवारचं बंधन राहिलं नाही. यिन-यांग सगळं विसरले. दार वाजलं की मान वर. नव्या शेवटासाठी कोऱ्या कागदांची दप्तरी वही शिवून आणली होती, ती माझ्याच टेबलाच्या खणात ठेवली. "घरी ठेवली तर बायको हिशेब लिहील," म्हणाले.

सलीमभाई परत आले ते सरळ माझ्याकडं. बाहेरच थांबले, हाक मारून मला व्हरांड्यात बोलावलं.

"मिले बाई. अच्छे हैं. बीवी-बच्चे, पोते-नवासे, सब है. मैंने वो कागज पढ़ के सुनाया. पूरा सुनाया." सलीमभाईंनी टोपी काढून हातात घेतली. "उनको याद नहीं. 'कौनसा चीन?' बोले. मैंने हौद का बताया, कापडवाले का बताया. नक्को बाई, कुछ याद नहीं. बोले, रंगनाथ की अम्मी पूरनपोली खिलाती थी, वो बराबर याद है. अब तुम्हीच सांगा त्यांना. मेरे से नहीं होता."

मी तशीच उभी राहिले. एक मन म्हणालं, खोटं सांग. चार ओळी तूच रच, म्हण अन्वरनं पाठवल्या. इतकी पुस्तकं वाचलीस, एक दरवाजा उघडता येईना? पण माझं लबाडीचं रचलेलं त्यांनी एका ओळीत ओळखलं असतं. अन्वरची सांगायची ढब त्यांना पाठ होती. आणि खरं म्हणजे मला तो हक्कच नव्हता.

मी आत गेले, समोर बसले आणि सगळं सांगितलं. 'कौनसा चीन'सुद्धा.

रंगनाथरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तब्येत बरी आहे ना त्याची?"

"बरी आहे. नातवंडं आहेत."

"पुरणपोळी आठवली म्हणाला?"

"हो."

"चोर लेकाचा. माझ्या वाटणीची खायचा." ते हसले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा असा काही झाला की मी खिडकीकडं बघायला लागले.

पुढचे तीन आठवडे ते फिरकले नाहीत. मी रोज दाराकडं बघायची. कुणाला तरी पाठवावं, निदान आपण जाऊन यावं, असं सारखं वाटायचं, पण जाऊन बोलायचं काय? चौथ्या आठवड्यात आले. वाळले होते. खण उघडून मी ती कोरी वही पुढं केली, तर त्यांनी हातानं नको म्हटलं. वाचनालयाची प्रत मागितली. चौथ्या प्रकरणाचं शेवटचं पान काढलं आणि खिशातून त्यांचं ते बारीक नकाशाचं पेन काढलं.

पुस्तकात लिहिणाऱ्यांना मी चोवीस वर्षांत सोडलं नाही. त्या दिवशी मी दौत पुढं सरकवली.

दोन ओळींच्या मधल्या जागेत त्यांनी छापल्यासारखं एक वाक्य लिहिलं, फुंकर घालून वाळवलं आणि पुस्तक माझ्याकडं फिरवलं. 'उभं राहून राहून पाय भरून आले, तसा शू-लुंग तिथंच उंबऱ्यावर बसला.'

"हलवलं नाही हं मी त्याला," ते म्हणाले. "बसवलं फक्त. त्याचंही वय झालं. एवढं चालेल ना, बाई?"

"चालेल," मी म्हटलं.

त्यांनी पेन पुसून खिशाला लावलं आणि उठले. दारापाशी पोचल्यावर मागं वळले.

"निघतो. पलंगाखाली अजून पावणेदोनशे प्रती आहेत. त्या सगळ्यांत उभाच आहे तो."